तलावाच्या मधला चिखल

२१ फेब्रुवारी २०१६, रविवार. रुपये पंचेचाळीस हजार, रोख. डहाणूच्या खाडीलगतचा एक एकराचा कोळंबीचा तलाव मी एका हंगामासाठी भाड्याने घेतला. पैसे घेणारे तलावाचे मालक, वयस्कर, कानाने जरा कमी. हजर मी, माझा मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, आणि वेवजीचा एक माणूस, ज्याला आम्ही राखणदार म्हणून ठेवणार होतो. त्याचा पगारही तिथेच बांधावर उभ्याने ठरला. महिना नऊ हजार, राहायला पंपाशेजारची खोली, तांदूळ आमचा.

मालकांनी नोटा दोनदा मोजल्या. मेहुणा म्हणाला, "काका, आमच्या भाऊजींनी घरून निघताना तीनदा मोजल्यात. तुमची मेहनत वाया चाललीय."

खरंच मोजल्या होत्या. माझी सवयच तशी. कैनाडला आमची चिकूची वाडी आहे, शहाण्णव झाडांची. कुठल्या झाडाने कुठल्या वर्षी किती किलो दिलं ते मी वहीत लिहून ठेवतो. कोळंबीचा धंदा मेहुण्याच्या डोक्यातून निघाला. त्याचं डहाणूला हार्डवेअरचं दुकान आहे. पैसे दोघांचे निम्मे-निम्मे, आणि त्याला दुकान सोडता येत नाही म्हणून देखरेख माझी.

आमच्या तिघांत तलावाची माहिती खरी एकालाच होती, ती वेवजीच्या माणसाला. वयाने तो माझ्याएवढा, पंचेचाळिशीचा असेल. हद्दीपलीकडे गुजरातच्या तलावांवर त्याने दोन हंगाम काढले होते. बोलायचा कमी. पाण्यात उतरला की सरळ चालायचा नाही. एक पाय पुढे टाकून थांबायचा आणि तळ चाचपायचा.

५ मार्चला कोळंबीचं बी सोडलं, म्हणजे बारीक पिल्लं, एक लाख वीस हजार. चार कोपऱ्यांना चार एरेटर. आम्ही त्यांना पंखेच म्हणायचो, कारण दिसतात तसेच. पाण्यावर तरंगणारी, पाणी उडवणारी चाकं. चारही एकाच दिशेने लावलेले, म्हणजे तलावाचं पाणी दिवसरात्र गोल फिरत राहायचं. मी रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला तिथे असे. पाण्याचं तापमान, खारटपणा, खाद्याचे किलो, विजेच्या मीटरचा आकडा, सगळं वहीत.

साठाव्या दिवसानंतर कोळंबी खाद्य सोडायला लागली. खाद्य तपासायला पाण्यात ठेवलेला ट्रे वर काढला की निम्मं खाद्य तसंच. बारा ग्रॅमवर एकेकीचं वजन अडकलं. मी राखणदाराला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मध्ये चिखल साठलाय शेठ. कडेला पाय ठेवला तर तळ टणक लागतो. मध्ये पोटरीपर्यंत जातो. गार लागतो आणि वास येतो."

"मग काढायचा कसा?"

"आता नाही काढायचा. खाद्य कमी करा, थोडं पाणी बदला. माल काढला की तलाव सुकवून मग काढायचा."

हे मला पटलं नाही. माझं सगळं आयुष्य आळी खणण्यात गेलंय. चिकूचं झाड रुसलं की आमच्याकडे पहिला उपाय एकच. आळ्यातली माती कुदळीने हलवायची, भुसभुशीत करायची, मुळांना हवा लागू द्यायची. वडिलांनी तेच केलं, मी तेच करतो, आणि झाडं ऐकतात. तळ घट्ट झालाय, गुदमरलाय, तर तो मोकळा केला पाहिजे, इतका साधा हिशेब मी मांडला. तळाला साखळी फिरवतात हे मी ऐकलंही होतं.

"फिरवतात," राखणदार म्हणाला. "पण पहिल्या महिन्यात. रोज थोडी थोडी. साठल्यावर नाही."

"तीस वर्षं माती हलवतोय मी," मी म्हणालो.

"ती माती वेगळी असेल शेठ."

१३ मे, शुक्रवार, बी सोडल्याचा एकोणसत्तरावा दिवस. दुपारी चारला मी टेम्पोतून ट्रॅक्टरची जुनी साखळी आणली, बेचाळीस किलोची. दोन टोकांना दोर. एका बांधावर मी, समोरच्या बांधावर तो. साखळी तळावरून ओढत आम्ही तलावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेलो. मध्यावर आल्यावर पाण्याचा रंग बदलला. हिरवट पाण्यात शाई सांडावी तसे काळे लोट वर आले आणि बुडबुडे सुटले. सडक्या अंड्यांचा वास वाऱ्याबरोबर माझ्यापर्यंत आला.

त्याने समोरून हात वर केला. "थांबवा शेठ. बास."

मला वाटलं, घाण सुटतेय म्हणजे काम होतंय. विहिरीचा गाळ काढतानाही पाणी आधी काळंच होतं. मी आणखी दोन फेऱ्या मारायला लावल्या. सहा वाजता वही लिहिली. तापमान, खारटपणा, खाद्य, मीटर. पंखे चारही चालू होते. मग घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो तर बांधाच्या कडेने पांढरी किनार दिसली. लांबून फेस वाटला. कोळंबी होती. काही अजून कडेच्या उथळ पाण्यात डोकं वर काढून होती. राखणदार मांडीभर पाण्यात उभा राहून जाळ्याने जिवंत असतील तेवढ्या गोळा करत होता. चारही पंखे फिरत होते. आठ वाजता मेहुणा आला. त्याने बांधावरून एक चक्कर मारली आणि माझ्याजवळ येऊन बसला. त्याचे दोन लाख होते त्यात.

मग त्याने राखणदाराला बोलावलं. "पहाटे पंखे बंद पडले होते ना?"

"नाही."

"लाइट गेली असेल. तू झोपला असशील. जनरेटर चालू नाही केलास. आता पंखे चालू करून दाखवतोस होय?"

"लाइट गेली नाही. मी जागा होतो." त्याने माझ्याकडे पाहिलं. "शेठला विचारा."

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मी काल सहाला गेलो तेव्हा पंखे चालू होते."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. सहा वाजता ते चालूच होते. राखणदार माझ्या तोंडाकडे बघत राहिला, पुढचं वाक्य येईल म्हणून. ते आलं नाही. साखळी पंपाच्या खोलीमागे वाळत पडली होती, तिथून दिसत नव्हती. त्याने स्वतःहून साखळीचं नाव का काढलं नाही, ते मी पुढे त्याला विचारलं. ते नंतर येईलच.

त्या संध्याकाळी घरी वहीत मीटरचे आकडे पाहिले; त्या सकाळचाही मी सवयीने लिहिला होता. शुक्रवार संध्याकाळ सहा ते शनिवार सकाळ सहा, रोज पडतात तेवढीच युनिटं पडली होती. पंखे मिनिटभरही थांबले नसणार. हा पुरावा माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात होता. १३ तारखेच्या पानावर साखळीची ओळ मात्र नव्हती. ती मी लिहिलीच नव्हती, आणि नंतरही लिहिली नाही.

वाचलेली कोळंबी सुकवायला गेली. राखणदाराला काढलं. एप्रिलचा पूर्ण आणि मेचा चौदा दिवसांचा पगार बाकी होता. मेहुणा म्हणाला, "एक पैसा द्यायचा नाही." मी हो म्हणालो.

जूनमध्ये तो कैनाडला आला. मी वाडीत होतो. पगार मागितला. मी म्हटलं, हिशेब व्हायचाय. दिवाळीनंतर परत आला. तेव्हा पगाराचा विषय त्याने काढलाच नाही.

"शेठ, तुमच्या मेव्हण्याने बाजारात सांगितलंय की मी झोपतो. डहाणूत तीन तलाववाल्यांकडे गेलो. तिघांनीही तेच ऐकवलं. गुजरातकडेही बोलणं पोचलंय, माल उचलणारे व्यापारी तेच आहेत ना. मला दुसरं काही नको. पंखे चालू होते, एवढंच त्यांना सांगा."

"बघतो," मी म्हणालो.

"बघा," तो म्हणाला आणि गेला.

त्याची बायको दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाई आणि घरचा भात चार महिने पुरे. बाकीचं सगळं तलावाच्या पगारावर चालायचं. हे मला माहीत होतं, कारण कामावर ठेवताना मीच त्याला खोदून विचारलं होतं.

जानेवारी २०१७ मध्ये मालकांचा निरोप आला, पुढच्या हंगामाला तलाव घेणार का. मेहुण्याला घ्यायचा होता. डहाणूला खाद्याच्या दुकानात पाणी तपासणाऱ्या एक बाई बसतात, शिकलेल्या, तिशीतल्या. त्यांना मी तळ बघायला घेऊन गेलो. तलाव सुकवला नव्हता, पाणी गुडघाभर. त्यांनी हातभर लांबीची पारदर्शक नळी तळात दाबली आणि चिखल जसाच्या तसा वर काढला. एक नळी कडेची, एक मधली. मग म्हणाल्या, खाडीच्या मुखाचीही एक काढू या, म्हणजे तुम्हाला फरक दिसेल.

तिन्ही नळ्या बांधावर शेजारी शेजारी उभ्या केल्या. खाडीच्या नळीत वर तपकिरी साय होती, बोटाच्या पेराच्या निम्मी जाड. तिच्याखाली राखाडी आणि मग काळं. तलावाच्या कडेच्या नळीत ती साय नखाएवढी. मधल्या नळीत नव्हतीच, वरपासून काळं.

"हा चिखल जिवंत असतो, काका," त्या म्हणाल्या. "वरच्या तपकिरी थरात हवेवर जगणारे जिवाणू. खाद्य, विष्ठा, मेलेलं शेवाळ, सगळं ते खाऊन पचवतात. खालच्या काळ्यात हवेशिवाय जगणारे. त्यांचा वायू विषारी, पण वर येताना तो तपकिरी थरातून जातो आणि तिथेच संपतो."

"मग मध्ये तपकिरी थर का नाही?"

"पाणी पोचत नाही म्हणून. चहा ढवळल्यावर भुकटी कुठे जमते? मध्ये. तुमचे पंखे पाणी गोल फिरवतात. कडेला वेग, मध्ये काहीच नाही. सगळी घाण तिथे येऊन बसते आणि हवा तर पोचत नाही."

मी विचारलं, पाणी तर सगळीकडे आहेच, मग हवा पोचत नाही म्हणजे काय. त्यांनी सांगितलं ते मी घरी येऊन लिहून ठेवलं. तळाला अगदी चिकटून पाण्याचा एक पातळ पापुद्रा असतो, तो जवळजवळ उभाच असतो. वरचं पाणी कितीही धावो, समुद्राच्या तळाशीसुद्धा तसंच. वरून आलेली हवा त्या पापुद्र्यातून हळूहळू झिरपते. वरचं पाणी वाहतं असेल तर पापुद्रा बारीक होतो आणि हवा जास्त पोचते. पाणी थांबलं की पापुद्रा जाड होतो, हवेवरचे जिवाणू उपाशी मरतात आणि काळं वर सरकतं. खाडीत भरती-ओहोटी रोज तो तळ घासून जाते, म्हणून तिथली साय टिकते.

"आणि ढवळलं तर?" मी विचारलं.

"थोडं, सुरुवातीपासून, साठू न देता, तर चालतं. साठलेलं एकदम ढवळलं तर खालचं विष थेट पाण्यात. शिवाय त्या चिखलाला हवेची इतकी भूक असते की पाण्यातली हवा तोच ओढून घेतो. पंखे चालू असले तरी पुरे पडत नाहीत." मग त्यांनी विचारलं, "मागच्या वर्षी तुमचा माल मेला ना? ढवळलं होतंत का?"

मी नळ्या धुवायला घेतल्या. त्यांनी परत विचारलं नाही.

दुसऱ्याच्या सांगण्यावर मी आकडा लिहीत नाही. घरी काचेच्या दोन मोठ्या बरण्या होत्या, लोणच्याच्या. दोन्हींत खाडीचा चिखल सारखाच, चार बोटं, वर खाडीचं पाणी, आणि एकेक चमचा खाद्य. एकीत माशांच्या टाकीचा छोटा पंप लावला, पाणी हळू फिरत राहील असा. दुसरी झाकून ठेवली. बायको म्हणाली, "त्यात मी कैरी घालणार होते. आता काय घालू, वाम मासा?"

झाकलेल्या बरणीत नवव्या दिवशी काळं वरपर्यंत आलं. पंपाच्या बरणीत तपकिरी साय टिकून होती. दहाव्या दिवशी मी खाडीतून दहा बारकी कोळंबी आणली, पाच-पाच दोन्हींत सोडली. तासभर दोन्हींकडची पोहत होती. मग झाकलेल्या बरणीत लाकडी पळी घालून तळ ढवळला. घड्याळ लावून बसलो. अठराव्या मिनिटाला पाचवी आडवी झाली. पंपाच्या बरणीतल्या पाच तशाच पोहत होत्या.

बायको दारात उभी होती. "काय झालं?"

मी तिला साखळीचं सांगितलं. पहिल्यांदाच. ती ऐकून घेत गेली आणि मग म्हणाली, "म्हणजे तो माणूस दोनदा आपल्या दारात आला, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"विषाचं माहीत नव्हतं."

"पंखे चालू होते हे माहीत होतं ना?"

"होतं."

"मग बरण्या कशाला काळ्या केल्या माझ्या?"

त्या रविवारी डहाणूला मेहुण्याच्या दुकानी गेलो. गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत थांबलो. मग वही उघडून मीटरचा आकडा दाखवला आणि साखळीचं सांगितलं. त्याने वही वाचली, बंद केली, काउंटरवर ठेवली.

"भाऊजी, दुधाच्या पिशवीचं वजन करून बघता तुम्ही. आणि बेचाळीस किलोची साखळी लिहायची राहिली?"

"राहिली नाही. लिहिली नाही."

"मी बाजारभर त्या माणसाला झोपाळू म्हणत फिरलो. आता माझं तोंड कुठे नेऊ?" मग म्हणाला, "माझे दोन लाख मी मागत नाही. धंद्यात गेले म्हणतो. तलावही यंदा नको. पण बाजारात मी सांगणार नाही. तुम्ही सांगा, तुमच्या तोंडाने."

तलाववाले संध्याकाळी खाद्याच्या दुकानात चहाला बसतात. पाचजण होते. मी उभ्यानेच सांगितलं की गेल्या मेमध्ये माल माझ्या हाताने मेला, साठलेला तळ मी ढवळला, राखणदार नको म्हणत होता, पंखे रात्रभर चालू होते. एकाने विचारलं, "चिकूवाल्याने आळं खणलं म्हणायचं?" बाकीचे हसले. हसू थांबल्यावर मी मीटरचा आकडा वाचून दाखवला आणि त्या माणसाला कामाची गरज आहे हे सांगितलं. त्यांतला एकजण म्हणाला, "यंदाची माणसं डिसेंबरातच ठरली, काका. आता सांगून काय उपयोग?"

५ मार्च २०१७, रविवार, वेवजीला गेलो. घर शोधायला वेळ लागला नाही. तो अंगणात कुडाला शेण-माती लावत होता. मला पाहून त्याने हात धुतले, बायकोने बाज टाकली. तो आता उंबरगावकडे एका कारखान्यात खोके उचलायला जात होता, रोजाने. काम असेल त्या दिवशी अडीचशे, नसेल त्या दिवशी परत.

मी डहाणूला सांगून आलो ते त्याला सांगितलं. कोणापुढे, कोणत्या शब्दांत, सगळं. यंदा काम मिळणार नाही हेही सांगितलं.

"पुढच्या वर्षी कोण विचारतंय," त्याची बायको आतून म्हणाली. "वर्षभर लोकांनी ऐकलं ते एका चहात पुसलं जातं का?"

मग जे विचारायचं होतं ते विचारलं. त्या सकाळी साखळीचं नाव का नाही काढलंस?

तो म्हणाला, "तुमचा मेव्हणा तुमचा. मी साखळी म्हटलं असतं आणि तुम्ही नाही म्हटलं असतं, तर मी झोपाळू आणि वर खोटारडाही झालो असतो. म्हणून तुम्हाला विचारा म्हटलं. तुम्ही सगळं लिहून ठेवता ना."

मी खिशातून पाकीट काढलं. त्यात पंचवीस हजार होते. पगार आणि वर माझ्या मनाने घातलेले. त्याने ते उघडून बाजेवर मोजले.

"हे जास्त आहेत."

"असू दे."

"जास्तीचे कशाबद्दल? लोक म्हणतील शेठने तोंड बंद करायला दिले." त्याने पगाराचे वेगळे काढले. एप्रिलचे नऊ हजार, मेच्या चौदा दिवसांचे रोज तीनशेने चार हजार दोनशे. बाकीच्या नोटा माझ्या बाजूला सरकवल्या. मग म्हणाला, "कैनाडला दोन खेपा झाल्या माझ्या. जाऊन येऊन ऐंशी. त्याचे एकशे साठ द्या."

साठ सुटे माझ्याकडे नव्हते. त्याने परत सरकवलेल्यांतल्या शंभरच्या दोन नोटा मी त्याला दिल्या. त्याने चाळीस परत द्यायला आतून चिल्लर शोधून आणली.

पगाराचे तेरा हजार दोनशे आणि दोन खेपांच्या भाड्याचे एकशे साठ, एकूण तेरा हजार तीनशे साठ रुपये त्याला दिले.